दहा मीटर न दिसणारी तार

माझ्या सेवापुस्तकात सत्तावीस वर्षांत एकही लाल शेरा नाही. कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो आणि कोणी विचारलंच तर पुस्तक काढून दाखवतो. बायकोचं म्हणणं असं, की लाल शेरा मिळायला माणसाला आधी काहीतरी करावं लागतं. तिला आमच्या खात्याची कल्पना नाही. आमच्या खात्यात काही न करणाऱ्यालाच शेरे जास्त मिळतात, आणि त्यातूनही मी सुटलो आहे, यातच काय ते आलं.

आमचं खातं रस्त्यावरच्या दिव्यांचं. गावातला कुठलाही दिवा विझला की त्याचा कागद माझ्या टेबलावर येतो, आणि माझ्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर जातो. दिवा कधी लागतो, हा निराळा विषय आहे. मी हेडक्लार्क आहे, माझा संबंध कागदाशी.

तर एका सोमवारी सकाळी साहेब केबिनमधून बाहेर आले आणि प्रिंटरच्या तारेत पाय अडकून पडले. पडले म्हणजे चांगलेच पडले. हातातला चहाचा कप टायपिस्टबाईंच्या टेबलाखाली गेला, चष्मा शिपायाच्या पायाशी गेला आणि साहेब स्वतः माझ्यासमोर आले. मी सवयीने उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "नमस्कार साहेब."

माझं हे चुकलं. आधी हात द्यायला हवा होता.

प्रिंटर माझ्या टेबलाशेजारी होता, कारण हॉलमधला धड चालणारा एकच प्लग तिथे होता. साहेबांचा कॉम्प्युटर केबिनमध्ये. मधून जायची वाट, आणि वाटेवर आडवी तार. तिच्यावर मागे आम्ही पायपुसणं टाकून पाहिलं, तेव्हा लोक पायपुसण्याला अडखळू लागले. नंतर चिकटपट्टी लावली, ती बुटांना चिकटून घरोघर गेली. बाकीच्या सहा मशीनना तर तारही नव्हती. ज्याला कागद छापायचा त्याने पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी यायचं आणि मान खाली घालून उभं राहायचं, ही पद्धत. मला व्यक्तिशः ती पद्धत वाईट वाटत नव्हती.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "हेडक्लार्क, एक महिना देतो. महिन्यानंतर ही तार मला इथे दिसली, तर कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने निघेल."

कारणे दाखवा नोटीस म्हणजे सेवापुस्तकात लाल शेरा. सत्तावीस वर्षं पांढराशुभ्र ठेवलेला सदरा, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यावर डाग! त्या दुपारी मला डबा गेला नाही.

घरी आलो तर बायको ओट्याशी उभी राहून बोलत होती, "नाही गं, मुळीच ऐकायचं नाही. पुरुषांना काय कळतंय!" मी म्हटलं, "मी अजून काही बोललोही नाही." तिने कानातलं बोंड काढून दाखवलं. ती तिच्या बहिणीशी बोलत होती, आणि फोन पार दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवलेला होता.

"याला तार नाही?" मी विचारलं.

"ब्लूटूथ आहे ते. जवळच्या जवळ चालतं, बिनतारी. चार महिने झाले मी वापरतेय, तुम्हाला आज दिसलं?"

"मला वाटायचं तू माझ्याशीच बोलतेस."

"म्हणूनच चार महिने उलट उत्तर देत होतात होय? मला वाटलं वयामुळे." मग तिने मला जेवायला वाढलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. "मग त्या तुमच्या प्रिंटरला नसेल का असं काही?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी टिप्पणी लिहायला बसलो. विषय: कार्यालयीन प्रिंटरसाठी अल्प अंतराच्या बिनतारी जोडणीची उपयुक्तता. चार पानं झाली. वाटेवर तार राहत नाही. अधिकारीवर्ग उभा राहतो. प्रत्येक कर्मचारी आपल्या जागेवरून छपाई करू शकतो. जोडणी दहा मीटरच्या आतच चालत असल्याने कार्यालयाचा कागद कार्यालयातच राहतो. हे शेवटचं वाक्य मी फार कौतुकाने लिहिलं होतं, आणि पुढे त्यानेच माझं हसं केलं. साहेबांनी पानं न वाचता सही केली आणि कोपऱ्यात लिहिलं, "हेडक्लार्क यांनी जातीने लक्ष घालावे."

खरेदीचा कागद आमच्या स्टोअरकीपरकडे गेला. हा माणूस तीस वर्षं दिव्यांच्या तारा मोजण्यात म्हातारा झालेला. त्याच्या फॉर्मात पहिला रकाना लांबीचा.

"किती मीटर?" त्याने विचारलं.

"अहो, हे बिनतारी आहे. तारच नाही."

"तार नाही हे कळलं. पण नसलेली तार किती लांब?"

मी पाऊण तास वाद घातला. रकाना मोकळा सोडून त्याच्या हातून आजवर एक खिळा बाहेर गेलेला नव्हता. शेवटी मी वैतागून म्हटलं, "लिहा दहा मीटर." त्याने वळणदार अक्षरात लिहिलं. बारा दिवसांनी माल आला. प्रिंटरच्या पाठीला लावायची अंगठ्याएवढी डबी, बस्स. स्टोअरकीपरने ती टेपने मोजली आणि म्हणाला, "चार सेंटिमीटर भरली. नऊ मीटर शहाण्णव सेंटिमीटर माल कमी आलाय. मी ताब्यात घेऊ शकत नाही."

त्याची समजूत घालायला मला आणखी तीन दिवस लागले. अखेर मी डबी त्याच्या टेबलावर ठेवली, फोन हातात घेतला आणि संबंध तुटेपर्यंत मागे मागे चालत गेलो. तो टेप घेऊन माझ्यामागून आला. संबंध जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तुटला. "दहा मीटर तीस," तो समाधानाने म्हणाला. "तीस जास्त दिलंय. बरा दिसतोय दुकानदार." आणि त्याने मालाच्या पोचपावतीवर सही केली. महिन्यातले सतरा दिवस असे गेले होते.

आता जोडणी. पुस्तिकेत लिहिलं होतं, की कॉम्प्युटरवर खूण दाबावी आणि पाच सेकंदांच्या आत प्रिंटरवरचं बटण दाबावं. लिहिणाऱ्याला काय जातंय? साहेबांच्या केबिनपासून प्रिंटरपर्यंत बारा पावलं, आणि मधे ती तार अजून होतीच. दुसऱ्या कोणाला बटणापाशी उभं करावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी जातीने लक्ष घालण्याचा आदेश होता. मी खूण दाबून पळत सुटायचो, टेबलाशी पोचेपर्यंत वेळ संपलेला असायचा. पाचव्या खेपेला हॉलमधले चौघेही कारकून पेन ठेवून बघू लागले. सातव्या खेपेला टायपिस्टबाई म्हणाल्या, "हेडक्लार्कसाहेब, चपला काढून बघा." मी काढल्या. जोडणी झाली. टाळ्याही झाल्या, पण त्यांत मला कौतुकापेक्षा दुसरंच काही जास्त ऐकू आलं.

कागद पाठवला. प्रिंटर ढिम्म. दुसरा पाठवला, तिसरा पाठवला. तासाभराने जिन्यावरून शेजारचे प्राण्यांचे डॉक्टर आले. आमच्या भिंतीपलीकडे त्यांचा दवाखाना. त्यांच्या हातात तीन कागद होते.

"हे तुमचे ना? तुमच्यासारखीच डबी माझ्या प्रिंटरलाही आहे, तिथे निघाले. माझ्या लक्षात आलं नाही, म्हणून मी एक कागद औषधाबरोबर एका बाईंना देऊन बसलो. त्यांच्या मांजराचा पाय दुखावला होता. त्या आत्ताच रडत परत आल्या."

"कुठला कागद?"

"खांब पूर्णपणे गंजला असून पाडून टाकण्यावाचून इलाज नाही."

मी त्यांची माफी मागितली. पण एवढ्यावर भागलं नाही. सात मशीन जोडताना मला दोन डब्यांतला फरक कळेना, आणि डॉक्टरांच्या कॉम्प्युटरने बहुतेक तेवढ्यातच आमच्या डबीशी सोयरीक जमवली. दोन दिवस तिकडचे कागद इकडे येत होते आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण आमच्याकडे कागद वाचायचा नसतो, पुढे पाठवायचा असतो. "दहा दिवस जिन्यावरून उड्या मारू देऊ नयेत व रात्री कोमट दूध द्यावे" असा एक कागद निघाला. टायपिस्टबाईंनी त्यावर आवक क्रमांक टाकला. मी "सादर" लिहिलं. साहेबांनी सही करून शेरा मारला, "मंजूर. तातडीने अंमलबजावणी व्हावी." कागद रात्रपाळीच्या वायरमनकडे गेला. त्यांच्या संघटनेने दुधाबद्दल आभाराचं पत्र पाठवलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. ते नुसतं कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "नऊ दिवस."

मी डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही डब्यांना वेगवेगळी नावं दिली आणि आमची सातही मशीन नव्याने जोडली. आता हॉलमधून कागद नीट निघू लागले. लोक खुर्चीत बसल्या बसल्या छपाई करू लागले. पेन ड्राइव्ह घेऊन कोणी येईना, त्यामुळे माझ्या टेबलाशी जरा सामसूम झाली. ते मी मनावर घेतलं नाही. फक्त साहेबांच्या केबिनमधून काही येईना. दार उघडं असलं तर यायचं, लावलं की बंद. आणि साहेब दार लावल्याशिवाय काम करत नाहीत, निदान काम करतात असं आम्ही धरून चालतो.

आमच्या घरच्या इमारतीत तळमजल्यावर इंजिनिअरकाका राहतात. निवृत्त, उभी हयात पूल बांधण्यात गेलेली, आणि आता बांधायला काही नाही म्हणून सल्ले देतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं. मी केबिनचा नकाशा पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवला.

"हे काय आहे भिंतीला लागून?"

"लोखंडी कपाट. बाहेर, हॉलच्या बाजूने. पंचवीस वर्षांच्या फायली आहेत त्यात."

"मग झालं तर! लोखंड लहरी खातं. कपाट हलव, दाराच्या या बाजूचं त्या बाजूला ने. तुला सांगतो, मी तीनशे टनांचा गर्डर सहा माणसांत हलवलाय."

वरच्या मजल्यावरून बायको म्हणाली, "आधी फायली काढून मग हलवा हो." इंजिनिअरकाका हसले. "वहिनी, भार असला की वस्तू सरळ जाते." मला त्यांचं पटलं. उंटावरच्या शहाण्याचा हाच गुण असतो, तो उंटावर असतो तोवर सगळं पटतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी मी तार गुंडाळून स्टोअरकीपरकडे जमा केली होती आणि त्याने ती कुलपात टाकली होती. मागे फिरायची सोय मी ठेवली नव्हती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं त्याच दिवशी मुख्य कार्यालयातून तपासणी अधिकारी आले. ते केबिनमध्ये गेले, दार लागलं. थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. आवाज दबलेला. "वर्षभराच्या तक्रारींचा तक्ता छापायला दिलाय. आला का?"

"येतोय साहेब," मी म्हणालो. प्रिंटर तसं काही दाखवत नव्हता.

मी हॉलमध्ये उभा राहिलो आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांना एकदम म्हणालो, "मला जरा मदत लागेल." माझा आवाज कसा आला कोण जाणे, पण सगळे उठले. चार कारकून, टायपिस्टबाई, स्टोअरकीपर, शिपाई. फायली काढायला वेळच नव्हता. दोन मिनिटांचं काम, आत कळणारही नाही असा माझा हिशेब. कपाट निघालं, आणि खरंच इंजिनिअरकाका म्हणाले तसं सरळ निघालं. अगदी दाराच्या समोर आलं आणि त्याचा पुढचा पाय फरशी फोडून वीतभर खाली गेला. कपाट तिथेच बसलं. आम्ही ढकललं, ओढलं, खांदे लावले. पंचवीस वर्षांच्या तक्रारी एका जागी होत्या, त्या कशाला हलतील?

तेवढ्यात माझ्या टेबलाशेजारी घरघर झाली. भिंत मोकळी झाली होती आणि प्रिंटर चालू झाला! तक्त्याची सहाही पानं लागोपाठ, स्वच्छ, बंद दाराआडून, बिनतारी बाहेर आली. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी कपाट विसरलो.

आतून दार उघडल्याचा आवाज आला. तपासणी अधिकारी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या दाराला कपाटाची पाठ आहे."

"तक्ता तयार आहे सर," मी कपाटाच्या वरच्या फटीतून ओरडलो आणि पानं काठीला टाचून आत सोडली. त्यांनी ती आत बसून वाचली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आम्ही एकेक फाईल काढत होतो आणि आत साहेब कपाटाला रेटा देत होते. कपाट रिकामं होऊन हललं, तोवर एक तास चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर येऊन तपासणी अधिकाऱ्यांनी कोट झटकला, माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांनी मोकळ्या वाटेकडे पाहिलं. तार नव्हती. "जमवलंत," ते मला म्हणाले. मी त्या रात्री छान झोपलो.

आठ दिवसांनी साहेबांनी बोलावलं. ते तासभर एकटेच कॉम्प्युटरशी झटत होते, हे दाराआडून ऐकू येत होतं.

"कनेक्ट होत नाहीये," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "खरं तर तुम्हाला बोलवायचं नव्हतं."

"संकोच कसला साहेब, माझंच काम आहे ते," म्हणत मी पुढे झालो. जोडणी निघाली होती. मी खूण दाबली आणि हॉलमधल्या टायपिस्टबाईंना हाक मारून बटण दाबायला सांगितलं. आता मी पळत नाही. एका झटक्यात जमलं. साहेबांचा कागद गेला. मी बऱ्यापैकी ऐटीत बाहेर आलो. टायपिस्टबाईंनी प्रिंटरमधून कागद काढला होता आणि त्या तो वाचत होत्या. आमच्या खात्यात कोणी कागद वाचताना मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी तो मला दिला, पालथा करून.

कारणे दाखवा नोटीस. तपासणी अधिकाऱ्यांना एक तास चाळीस मिनिटे कपाटाच्या साहाय्याने केबिनमध्ये अडकवून ठेवल्याबद्दल. मुख्य कार्यालयाने एक नाव मागितलं होतं. माझंच नाव, हुद्दा, सत्तावीस वर्षांची सेवा, सगळं बिनचूक. तो कागद निघावा म्हणून मीच धडपडलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मी जागेवर जाऊन बसलो. पाण्याचा ग्लास उचलला. हॉलमध्ये सगळे आपापल्या पडद्याकडे बघत होते आणि टकटक टाईप करत होते. मला वाटलं, निदान आज तरी यांनी काम थांबवायला हवं होतं.

प्रिंटर घरघरला. एक कागद आला. मी सवयीने उचलला.

"कपाट ढकलण्याच्या कामी मीही हातभार लावला होता. सबब माझ्याकडूनही खुलासा मागवावा." खाली टायपिस्टबाईंचं नाव. दुसरा कागद आला, तसाच. तिसरा, चौथा. चारही कारकून. स्टोअरकीपरने डाव्या बाजूने ढकललं असं स्पष्ट केलं होतं. शिपायाचा अर्ज टायपिस्टबाईंनी त्याला विचारून टाईप केला होता. मग बराच वेळ काही नाही, आणि मग केबिनमधून आठवा कागद आला. "मीही त्या वेळी कपाट ढकलत होतो. आतून, म्हणजे विरुद्ध दिशेने. सबब उशीर होण्यास मी जास्त जबाबदार आहे."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पुढे मुख्य कार्यालयाने नऊ चौकश्या करण्यापेक्षा फाईल बंद केली आणि माझं सेवापुस्तक कोरं राहिलं. पण त्या दुपारी मला हे माहीत नव्हतं, आणि त्याची फारशी फिकीरही उरली नव्हती.

मात्र एक गोष्ट नमूद करतो. एवढं सगळं झालं, त्यात एकही जण खुर्चीतून उठला नव्हता. मी या लोकांत सत्तावीस वर्षं काढली आहेत. माझ्या टेबलाशी येऊन उभं राहावं लागलं असतं, तर माझ्यावर कितीही जीव असला तरी यातला एकही कागद आला नसता.

मी आठही कागद सारखे केले. एकावरही सही नव्हती, आणि सही नसलेला कागद आमच्या खात्यात कागद धरत नाहीत. तेव्हा मीच उठलो आणि प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन मान खाली घालून उभा राहिलो. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सह्या सगळ्यांनी केल्या.